जनेलाच्या आतली बाजू: गोव्यात पाच दिवस

दिवस पहिला, शुक्रवार

माझी आजी वेंगुर्ल्याची. ती खिडकीला कधीच खिडकी म्हणाली नाही, जनेल म्हणायची. "गो, जनेल ओढ, पाऊस येता." लहानपणी मला वाटायचं हा तिचाच खास शब्द आहे, खूप नंतर कळलं की मूळ पोर्तुगीज जानेला आहे आणि गोव्यात कोकणीत आजही सगळे जनेलच म्हणतात. गेली सहा-सात वर्षं मी जुन्या घरांच्या दारं-खिडक्यांचे फोटो काढते, पुण्यातले वाडे झाले, वाई झाली, सावंतवाडी झाली, पण जिथून आजीचा शब्द आला त्या गोव्यात खास जनेलांसाठी म्हणून कधी गेले नव्हते. यंदा नोव्हेंबरमध्ये पाच दिवस काढले. पाऊस संपून घरांना नवीन रंग लागलेले असतात, हवा स्वच्छ असते, म्हणून नोव्हेंबर.

पुण्याहून रात्रीची बस पकडली, सकाळी म्हापशाला उतरले, मामेभाऊ स्कूटर घेऊन आला होता. मामाचं घर डिचोलीत. मामीने केलेली पातळभाजी आणि गरम पाव खाऊन झोपले ती थेट दोनला उठले आणि तरी हट्टाने म्हटलं चल दादा, पणजीला जाऊ, फोंतेन्हास बघू.

पणजीतल्या या जुन्या, पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या वस्तीत पोचलो साडेचारला आणि सगळी गल्ली सावलीत. याचं कारण तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं. फोंतेन्हास आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलंय, टेकडी पश्चिमेला आणि ओरेंची खाडी पूर्वेला, त्यामुळे सूर्य मावळायच्या कितीतरी आधी टेकडीमागे जातो. रंग सगळे मलूल दिसत होते. एकही फोटो न काढता नुसती फिरले आणि ते बरंच झालं, कुठल्या घराचं तोंड कुठे आहे ते वहीत लिहून घेतलं. कोणाला तिकडे फोटो काढायचे असतील तर सकाळीच जा, सात ते नऊ, बाकी वेळ खाण्यापिण्यात घालवा.

दिवस दुसरा, शनिवार

पावणेसातला गल्लीत हजर. खाडीवरून ऊन येऊन समोरच्या भिंतींवर पडायला लागलं की पिवळ्या, निळ्या, गेरूच्या लाल अशा सगळ्या भिंती एकदम जाग्या होतात. रंगांबद्दल सगळे सांगतात की पोर्तुगीज काळात पांढरा रंग फक्त चर्चचा, घराला दुसरा कुठलातरी लावायचा आणि तोही दर पावसाळ्यानंतर. आता सक्ती कोणाची नाही पण सवय टिकून आहे. खिडक्यांच्या आणि दारांच्या कडेने मात्र पांढरी पट्टी असतेच, आणि फोटोत खरं काम ती पट्टी करते, कारण तिच्यामुळे चौकट भिंतीपासून सुटून दिसते.

जरा तांत्रिक बोलते, कारण मला याबद्दल नेहमी विचारतात. दारांचे फोटो वाइड लेन्सने काढू नका. गल्ली अरुंद असते, मागे सरकायला जागा नसते, म्हणून आपण वाइड लावतो आणि कॅमेरा वर करतो, की झालं, दार वरून निमुळतं दिसायला लागतं आणि सुताराने ओळंबा लावून केलेली चौकट आपण वाकडी करून टाकतो. कॅमेरा सरळ धरा, दाराच्या मध्याच्या उंचीला, स्क्रीनवरची ग्रीड चालू ठेवा, समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जा. मी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावते, ॲपर्चर एफ/८, आणि पूर्ण दार बसत नसेल तर अर्धंच काढते. कडी, कोयंडा, बिजागरी, उंबऱ्यावरची झीज. झिजलेला उंबरा मला तर अख्ख्या दारापेक्षा जास्त आवडतो, मधोमध खोलगट झालेला, एका बाजूला थोडा जास्त, कारण त्या घरात माणसं त्या बाजूने आत शिरतात.

सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपर्यंत (१८१८ सालचं आहे ते) पोचेपर्यंत चाळीसेक फोटो झाले होते. एका निळ्या घराला बल्कांव होता, म्हणजे दारापुढचा छपराचा छोटा सज्जा, दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाक, त्यांना सोपो म्हणतात. मागे अर्धवट उघडं दार, आत काळोखात कुठेतरी एक पितळी काहीतरी चमकत होतं. मी गुडघ्यावर बसून फोकस करत होते आणि आतून एक म्हातारी बाई झाडू घेऊन बाहेर आल्या.

"कोणाक विचारलें?"

मी उभी राहिले. त्यांचं बरोबर होतं, मी कोणालाच विचारलं नव्हतं. त्या पुढे जे बोलल्या ते मराठी-कोकणी मिसळून, रागाने कमी आणि थकून जास्त. रोज माणसं येतात, आमच्या पायऱ्यांवर बसतात, दाराला टेकून फोटो काढतात, कपडे बदलून बदलून काढतात, आम्हाला आमच्याच दारातून बाहेर पडायला थांबावं लागतं. गल्लीत ठिकठिकाणी फोटो काढू नका असे बोर्ड आहेत ते मी बघितले होते आणि ते रील करणाऱ्यांसाठी आहेत अशी स्वतःची समजूत करून घेतली होती. मी माफी मागितली, त्यांच्या दाराचे फोटो त्यांच्यासमोरच डिलीट केले. मग त्यांनी विचारलं, "खंयचें गो तूं?" मी म्हटलं पुण्याची, पण आजी वेंगुर्ल्याची, आमच्या घरात पण जनेलच म्हणायचे. त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. आत बोलावलं नाही, पण झाडू भिंतीला टेकवून सोप्यावर बसल्या आणि म्हणाल्या, तू बाहेरून काय काढतेस, जनेल आतून बघायचं असतं.

ते वाक्य घेऊन मी निघाले. त्या दिवशी नंतर कॅमेरा फारसा बाहेर काढलाच नाही.

दिवस तिसरा, रविवार

ओल्ड गोवा. रविवार असल्यामुळे चर्चमध्ये प्रार्थना चालू होत्या, म्हणून आत न जाता बाहेरूनच फिरलो. दारं बघायला आलेल्या माणसाला तिथे अर्ध्या किलोमीटरमध्ये चारशे-पाचशे वर्षांची दारं भेटतात.

सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशहाच्या राजवाड्याचं दार उभं आहे. नुसतं दार, राजवाडा नाहीच. सहा पायऱ्या, त्यावर घडवलेले दगडी खांब, वर आडवी तुळई, बाजूला दगडी जाळीचे थोडे तुकडे, आणि पलीकडे गवत. मी किती वेळ तिथे बसले मलाच कळलं नाही. इमारत गेली की दार शिल्लक राहतं हे मी वाड्यांच्या बाबतीतही पाहिलंय, पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तसाच उभा आहे, पण इथे तर भिंतसुद्धा नाही बाजूला.

दुसरं दार असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चचं. आत्ताचं चर्च १६६१ चं, पण दार त्याच्या आधीच्या जुन्या चर्चचं राखून ठेवलंय आणि नवीन पांढऱ्या भिंतीत बसवलंय. काळसर दगड, तीन पाकळ्यांची कमान, वर राजमुकुट आणि दोन्ही बाजूंना गोल, म्हणजे समुद्रावर दिशा बघायला वापरायचे तसले कड्यांचे गोल, पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलचं चिन्ह. पांढऱ्या भिंतीमुळे एक्स्पोजर फसतं, कॅमेरा भिंतीला भुलून दगड अगदी काळा करतो. उजेड दगडावर मोजा, भिंत जास्त पांढरी होऊन गेली तर जाऊ दे.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून (१५९९ ची, पण पडझड झाल्यावर १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली) खाली उतरलं की समोर मांडवी आणि दिवाडीची फेरीबोट. दादा म्हणाला डिचोलीला परत जायचंच आहे तर बेटावरून जाऊ, पलीकडून नार्वेची फेरी आहे. ही आयडिया त्याची आणि पूर्ण ट्रिपमधली सगळ्यात भारी आयडिया. दिवाडीवर पिएदादमध्ये सुंदर घरं आहेत, एका घराच्या फाटकाच्या खांबांवर दोन सिमेंटचे शिपाई, दुसऱ्याच्या छपरावर कोंबडा. पण बऱ्याच घरांना कुलूप, माणसं मुंबईत नाहीतर परदेशात. कुलूप लावलेल्या घराच्या खिडक्या कोणी उघडत नाही, आणि न उघडलेल्या लाकडाला पावसाळ्यात जो दमटपणा धरतो तो उन्हाळ्यातही सुटत नाही. एका खिडकीच्या झडपेतून पिंपळ बाहेर आला होता. त्याचा फोटो चांगला आला असता पण काढवला नाही.

फेरीने नार्व्याला उतरलो. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर, तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. दारावर शिलालेख आहे, देवनागरीत, शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, शिवराजांच्या आज्ञेने देवळाच्या कामाला सुरुवात. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. आम्ही तिथे होतो तोही नोव्हेंबरच. दादा लहानपणापासून येतोय पण त्याने कधी मान वर करून वाचलं नव्हतं, आम्ही दोघांनी बोटाने हवेत एक एक अक्षर लावत वाचलं. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका मारला की अक्षरं उठून येतात, समोरून मारला तर सपाट होतात, हे शिलालेखांसाठी लक्षात ठेवा.

घरी आल्यावर मी मामीला त्या फोंतेन्हासच्या आजींचं वाक्य सांगितलं. मामी भाकरी थापत होती, म्हणाली शिंपल्यांची जनेलं असतील गो त्यांच्याकडे, ती आतूनच दिसतात.

दिवस चौथा, सोमवार

खरी ट्रिप या दिवशी झाली.

सकाळी चांदर. मिनेझिस ब्रागांझांचं घर, दुमजली, वरच्या मजल्यावर एका ओळीत २४ खिडक्या. पत्रकार लुईस दे मिनेझिस ब्रागांझा यांचं हे घर, त्यांनी मेसियास गोमिश यांच्याबरोबर १९०० मध्ये गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक काढलं. समोर भरपूर मोकळी जागा आहे त्यामुळे पाहिजे तेवढं मागे जाता येतं, पण मागे गेलं की २४ खिडक्या एका पट्टीसारख्या दिसतात आणि एकीचाही चेहरा दिसत नाही. मी तीनच खिडक्या फ्रेममध्ये घेतल्या. आतल्या खोल्यांचे फोटो घ्यायला परवानगी नव्हती, मी विचारून कॅमेरा बॅगेत ठेवला आणि नुसती बघत फिरले.

पण सांगायचं आहे ते दुपारचं. दादाच्या ऑफिसातल्या एकांनी लोटलीजवळच्या एका मेस्त्रीकाकांचा नंबर दिला होता. जुन्या घरांची लाकडी कामं करतात, वय सत्तरच्या आसपास, वडील हेच काम करायचे. त्यांची शेड म्हणजे कौलाचं छप्पर, खाली भुसा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या खिडक्यांच्या झडपा. बाहेरच्या उजेडात त्या अगदी कळकट दिसत होत्या, राखाडी, पावसाचे डाग पडलेल्या पत्र्यासारख्या. मी मनातून थोडी निराश झाले.

काकांनी त्यातली एक झडप उचलली, शेडच्या दारात नेली आणि उन्हासमोर धरून मला म्हणाले, "हंगा येऊन पळे," म्हणजे इथे येऊन बघ. मी आतल्या काळोखात उभी, झडप माझ्या आणि सूर्याच्या मध्ये.

ती पेटली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. प्रत्येक चौकोन वेगळ्या रंगाचा, एक दुधासारखा, एक मधासारखा, एक जरा गुलाबी, एकात शिंपल्याच्या वाढीच्या बारीक गोल रेषा, झाडाच्या खोडात असतात तशा. आणि त्यातून येणारा उजेड भुशावर पडला तो इतका मऊ की सावलीला कडच नव्हती.

शिंपला खाडीतला, चपटा, तळहाताएवढा गोल, पातळ. त्याच्या कडा छाटून चौकोन करायचा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. झडपेत लाकडाच्या बारीक पट्ट्या असतात, पट्टीला दोन्ही अंगांना खाच, त्या खाचेत शिंपले वरून एक एक सरकवत जायचं. खिळा नाही, गोंद नाही. काकांनी मला एक सरकवायला दिला. मी जरा जोर लावला तर म्हणाले जोर नाही, आपोआप जातो, अडला तर पट्टी फुगलेली असते, थांबायचं, उन्हात ठेवायचं, मग घालायचं. शिंपला बोटात धरला तर नखासारखा लागतो, हलका, किंचित लवचिक, आणि कडेला पापुद्रे सुटलेले, जुन्या वहीच्या पानांसारखे.

काच महाग होती, लांबून यायची, म्हणून शिंपले वापरायचे हे मी वाचलं होतं. काकांनी एक गोष्ट जास्तीची सांगितली. म्हणाले काचेतून ऊन घरात येतं आणि बाहेरचा माणूस आत बघतो, शिंपल्यातून ऊन येत नाही, उजेड येतो, आणि बाहेरच्याला काहीच दिसत नाही. मला लगेच फोंतेन्हासच्या आजी आठवल्या. त्या घरासमोर उभं राहून मी जे शोधत होते ते त्या खिडकीने दाखवायचंच नाही अशीच तिची रचना होती.

आता नवीन शिंपले मिळत नाहीत. या शिंपल्याला आता वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, चिखलीच्या खाडीत तो अजून जिवंत आहे आणि तिथल्या गावकऱ्यांनीच तो उपसू नये म्हणून आवाज उठवला होता. ते योग्यच आहे, माझं त्यावर दुमत नाही, जनेलासाठी खाडी रिकामी करायची नाही. म्हणजे जे आहे ते जुनंच. काका मोडकी झडप घेतात, तिच्यातले धड शिंपले काढतात आणि दुसऱ्या झडपेतल्या रिकाम्या चौकोनात घालतात. तीन खिडक्यांची एक होते. "आनी कितें?" म्हणाले.

मी विचारून फोटो काढले, पाऊण तास. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, तो मधाचा रंग काढून टाकतो आणि सगळं टाइल्ससारखं पांढरं करतो, डेलाइटवर फिक्स करा. कॅमेऱ्याला वाटतं खूप उजेड आहे म्हणून तो शिंपले करडे करतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. लाकडाचेही तपशील हवे असतील तर ट्रायपॉड लावून तीन वेगळ्या एक्स्पोजरचे घ्या. पण मला सगळ्यात आवडला तो फोटो साधा आहे, त्यात खिडकी नाहीच, काकांचा हात आणि पटाशी आणि त्यावर पडलेला तो उजेड.

दिवस पाचवा, मंगळवार

सकाळी पर्वरीजवळ तोर्ड्याला हाउसेस ऑफ गोवा म्युझियम बघितलं, वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांचं, त्रिकोणी इमारत, जहाजासारखी. दारं, खिडक्या, कठडे, फरशा सगळं समजावून मांडलंय. कालच्या शेडमधून आल्यामुळे मला सगळं भराभर कळत गेलं. पहिल्याच दिवशी गेले असते तर बरं झालं असतं, तुम्ही तसं करा.

दुपारी घरी. रात्री नऊची बस होती. जेवताना मी मामाला फोटो दाखवत होते, मोबाइलवर एक एक सरकवत, आणि मेस्त्रीकाकांच्या झडपेचा फोटो आला तसा मामा खाता खाता थांबला. म्हणाला असलं एक आपल्या मांगरात (अडगळीच्या खोपटात) आहे.

मी आणि दादा एकमेकांकडे बघायला लागलो. दहा-बारा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा पुढच्या खोलीची खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली, जुनी मांगरात ठेवली, विसरून गेले. आम्ही नारळांचा ढीग बाजूला केला, जुनी लोखंडी कॉट सरकवली, मागे पोत्यात गुंडाळलेल्या दोन झडपा. एकीला वाळवी लागली होती, हात लावला तर चौकट हातात आली. दुसरी धड होती. मामीने ओल्या फडक्याने एका चौकोनावरचं जाळं पुसलं आणि मग स्वतःच पुढचे पुसत गेली. अठ्ठावीस चौकोन, त्यात एकोणीस शिंपले शाबूत, सहा तडकलेले, तीन रिकामे.

चार वाजले होते, ऊन राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, उतरत होतं. मामा आणि दादाने झडप दोन्ही बाजूंनी धरून मधल्या दारात उभी केली, तुळशीकडे तोंड करून, आणि मामी न सांगता आत काळोखात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. लग्न होऊन आले तेव्हा ही त्या खोलीत होती, म्हणाली, सकाळी जमिनीवर असे चौकोन पडायचे, बाबू रांगायला लागला तेव्हा ते उचलायला बघायचा. बाबू म्हणजे दादा. तो झडप धरून पलीकडे उभा होता, त्याला ऐकू गेलं नाही.

मी फोटो काढले. मग मामाने मेस्त्रीकाकांचा नंबर मागितला. वाळवी लागलेल्या झडपेतले शिंपले मामीने एक एक काढून वर्तमानपत्रात गुंडाळले, अकरा निघाले धड. बस पकडायला निघाले तेव्हा मामा फोनवर कोकणीत काकांना लोटलीचा रस्ता विचारत होता आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीची रुंदी टेपने मोजत होता.